चौकशीचा कप्पा

आमच्याकडं मुलीच्या घरी पोहे खायला लोक नंतर जातात, आधी तिच्या गल्लीत पान खायला जातात. पान लावून होईस्तोवर बाप कसा, भाऊ कुणात बसतो-उठतो, एवढं निघतं. मग पिठाची गिरणी. गिरणीवाल्याला सगळं माहीत असतं, कारण दळण होईपर्यंत बायका तिथंच थांबतात. याला चौकशी म्हणतात आणि कुणी याचा राग धरत नाही. उलट चौकशीला कुणी आलंच नाही तर मुलीची आई काळजीत पडते.

मला ही पद्धत लहानपणापासून आवडायची, कबूल करतो. माझा स्वभावच संशयी. कुलूप लावून चार पावलं गेलो की परत येऊन ओढून बघणारा मी. दुकानदार हसून बोलला तर घरी आल्यावर आधी पुडीचं वजन करणार. आई म्हणायची, "तू आरशात बघून बी इचारशील, हा कोण हाय म्हून." आई अंगणवाडी सेविका होती, वडील लवकर गेले होते, आणि मी हिंगोलीत बसस्टँडजवळ कॉम्प्युटरचा क्लास चालवत होतो. चार मशिनी, एक प्रिंटर, फोनच्या तारेवरून खुरडत येणारं इंटरनेट. जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि ज्याला-त्याला वेबसाइट हवी होती. कशाला, ते विचारलं तर सांगता यायचं नाही.

गुरुजींना मात्र सांगता येत होतं. ते निवृत्त मुख्याध्यापक. आपल्या बौद्ध समाजातल्या मुलामुलींची लग्नं जुळवायला त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत वधू-वर मंडळ काढलं होतं. खोलीत एक लोखंडी कपाट. वरच्या कप्प्यात वधूंचे बायोडाटा, मधल्यात वरांचे आणि खालचा कप्पा चौकशीचा. मंडळाची माणसं गावोगाव जाऊन चौकशी करायची आणि गुरुजी ती लिहून ठेवायचे. एखादीचा साखरपुडा मोडलेला, एखाद्याला फिट येतात, कुणाच्या घरात सासूचा जाच आहे. हे कागद ते कुणाला दाखवायचे नाहीत. दोन्ही घरांना समोर बसवायचे आणि ज्याला जेवढं सांगायला हवं तेवढंच, त्याच्या तोंडावर सांगायचे. लोक त्यांच्याकडं यायचे ते या खालच्या कप्प्याच्या भरवशावर.

गुरुजींची एक शिस्त होती. वरच्या कप्प्यात 'शिरड-१२' नंबरचा बायोडाटा असेल, तर खालच्या कप्प्यात तिच्या चौकशीलाही 'शिरड-१२' हाच नंबर. खोलीत येऊन बसणाऱ्या प्रत्येकाला ही शिस्त माहीत होती, कारण गुरुजी ती कौतुकानं सांगायचे.

हे सगळं कॉम्प्युटरवर उतरवायचं काम मंडळात कारकुनी करणाऱ्या ताईंनी केलं. ताई चाळिशीच्या, नवऱ्यानं सोडलेल्या, एका मुलीला घेऊन भावाच्या आसऱ्याला राहणाऱ्या. टायपिंगची परीक्षा पास होत्या. कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला असायची. नवऱ्यानं सोडलेल्या बाईकडं लोक कसं बघतात ते वेगळं सांगायला नको. पण जिच्याकडं साऱ्या समाजाची झाकली मूठ आहे, तिला नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती. त्यांची मुलगी डी.एड. झाली होती आणि कनेरगाव नाक्याच्या एका घरी तिचं जमत आलं होतं. मुलगा शिक्षक. तारीख काढायची तेवढी राहिली होती. ताई मला एकदा म्हणाल्या होत्या, "सर, माझ्यापाशी द्यायला नाव तेवढं हाय. त्याच्यावरच हे जमून राहिलं."

मी वेबसाइट बनवली. मोठ्या हौसेनं बनवली. गुरुजींना कळावं म्हणून सर्व्हरवर कपाटासारखेच तीन कप्पे केले. मुलीच्या नावावर क्लिक केलं की वर पत्त्याच्या ओळीत शेवटी फाईलचं नाव जायचं, माझा प्रोग्राम वधूच्या कप्प्यातून ती फाईल उचलायचा आणि पानावर दाखवायचा. चौकशीचा कप्पा खरं तर वर ठेवायचाच नव्हता. पण गुरुजींच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं, दोन-तीन महिने औरंगाबादला मुलाकडं राहणं आलं, आणि तिथून ते कुणाच्या फोनला काय उत्तर देणार? म्हणून तोही कप्पा वर चढवला आणि त्याच्या पुढं पासवर्डचं पान लावलं. दर शनिवारी ताईंनी टाईप केलेलं मी वर चढवायचो. पासवर्ड फक्त गुरुजींना आणि मला माहीत होता. मी तो दर पंधरा दिवसांनी बदलायचो, इतका मी हुशार.

गुरुजी परत आले, कप्पा मात्र वरच राहून गेला, आणि पंधरवड्यात पहिली गोष्ट फुटली. शिरड शहापूरच्या एका मुलीचं बोलणं चालू होतं. मुलाच्या मामाचा फोन आला. "गुरुजी, तुमच्या कागदात लिवलंय की, आधीचा साखरपुडा मोडला, दोष मुलाकडचा. आता दोष कुणाचा ते आमाला काय माहीत?" गुरुजींनी फोन ठेवला आणि खालच्या कप्प्यातला तो कागद काढून बघितला. 'दोष मुलाकडचा' हे शब्द त्यांचे होते, जसेच्या तसे. ऐकीव गोष्ट शब्दाला शब्द फुटत नाही. कुणीतरी कागद वाचला होता.

मी क्लासवर येऊन सर्व्हरचा लॉग उतरवून घेतला. कुणी कोणतं पान किती वाजता मागितलं, याची ती नोंद. हजारभर ओळींत चार-पाच ओळी वेगळ्या निघाल्या. पत्त्याच्या शेवटी फाईलच्या नावाऐवजी आधी दोन टिंबं आणि एक तिरकी रेघ, अशी: ../ आणि पुढं चौकशी, शिरड-१२. कॉम्प्युटरच्या भाषेत दोन टिंबांचा अर्थ, आहे त्या कप्प्यातून एक पायरी मागं ये. म्हणजे कुणीतरी माझ्या प्रोग्रामला सांगितलं होतं, वधूच्या कप्प्यातून बाहेर निघ, शेजारच्या चौकशीच्या कप्प्यात जा आणि याच नंबरचा कागद आण. माझ्या प्रोग्रामनं मुकाट्यानं आणून दिला होता. पासवर्ड होता तो बाहेरून येणाऱ्या माणसाला. माझा प्रोग्राम आतलाच, त्याला कोण विचारणार?

मला लाज वाटली. लाजेपोटी मी पहिली चूक केली: कुणाला सांगितलं नाही. प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली. नावात कुठं ../ दिसलं की ते पुसून टाकायचं आणि उरलेलं नाव उघडायचं. एकदा तपासून बघितलं, चौकशी उघडली नाही. गुरुजींना म्हणालो, थोडं दुरुस्तीचं काम होतं, केलं. त्या रात्री झोप छान लागली.

तीन आठवड्यांनी कळमनुरीच्या आठवडी बाजारात दुसरी गोष्ट फुटली. एका मुलाला फिट येतात, गोळी चालू आहे, ही, पुन्हा कागदातल्याच शब्दांत. मुलाचा बाप गुरुजींच्या दारात येऊन उभा राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "तुमच्यावर इश्वास ठिवला व्हता."

आता माझ्या डोक्यात गणित सरळ होतं. भोक मी बुजवलं आहे, म्हणजे गोष्ट भोकातून गेलेली नाही. म्हणजे माणसातून गेली. कागद पाहणारी माणसं तीन. गुरुजी नाहीत, मी नाही. उरलं कोण? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, या न्यायानं माझ्या त्या एका ओळीवर मी पुन्हा नजरसुद्धा टाकली नाही. लॉग उतरवला नाही. नजर टाकली ती ताईंवर. त्या फोनवर हळू का बोलतात? बुधवारी लवकर का गेल्या? भावाच्या घरी पाहुणे कोण आले होते? एकदा संशय शिरला की माणसाचं शिंकणंही खुणेचं वाटायला लागतं.

मी सापळा लावला. माझाही बायोडाटा मंडळात होताच. एक खोटी चौकशी मी स्वतःविषयीच लिहिली: 'मुलगा व्यसनी. क्लास बंद झाला की कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावर बसतो. मुलगी देण्याआधी विचार करावा.' मंडळातल्या एकानं चौकशी आणली आहे असं सांगून ती ताईंना टाईप करायला दिली. ताईंनी वाचली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "सर, हे खरं वाटत न्हाई. कोणी डाव धरून लिवलं असंल. गुरुजींला सांगू का?" मी म्हणालो, आहे तसं टाईप करा. त्यांचा हा चांगुलपणाही मला नाटक वाटला. शनिवारी ती फाईल बाकीच्या फायलींबरोबर मीच माझ्या हातानं सर्व्हरवर चढवली. तेव्हासुद्धा डोक्यात काही वाजलं नाही.

दहाव्या दिवशी कळमनुरीहून माझा मामा आला. चप्पल न काढता ओट्यावरूनच सुरू झाला. "काहून रे, ढाब्यावर बसून राहिला म्हणं तू? माझ्या बहिणीनं काय पाप केलं?" आई रडायला लागली. आणि मी, खरं सांगतो, मनातून खूश झालो. चोर सापडला होता.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर मंडळाची सहा-सात माणसं ओसरीत बसायची. ताईही असायच्या. गुरुजींना बाजूला घेऊन सांगायची अक्कल मला झाली नाही. मी सगळ्यांसमोर सापळ्याची गोष्ट सांगितली. कागद खोटा होता, तो मी लिहिला, टाईप फक्त ताईंनी केला आणि दहा दिवसांत तो कळमनुरीला पोचला. वकिलासारखा बोललो. आवाजही चढला होता.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी टाईप केलं. दिलं तुमच्याजवळ. तुमी ते कुठं कुठं ठिवता, मला काय माहीत? मी कोणाला सांगितलं न्हाई." एवढंच. कमरेची किल्ली काढून गुरुजींपुढं ठेवली आणि निघून गेल्या. गुरुजी मला म्हणाले, "तुला खात्री हाय का?" मी म्हणालो, "हातच्या काकणाला आरसा कशाला, गुरुजी?"

टायपिंग मी माझ्याकडं घेतलं. महिना गेला. मग वसमतकडच्या एका घराची चौकशी फुटली. तो कागद गुरुजींनी लिहिला होता, मी टाईप केला होता, तिसऱ्या माणसाची सावलीही त्यावर पडली नव्हती. गुरुजींनी मला बोलावून घेतलं, दार लावलं आणि विचारलं, "आता कोणाला धरायचं?" त्यांच्या डोळ्यांत मला पहिल्यांदा माझ्याविषयीचा संशय दिसला. असं कुणी आपल्याकडं बघतं तेव्हा कसं वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं.

घरी न जाता क्लासवर गेलो आणि लॉग उतरवला. तिथं सगळं होतं. मी पहिलं भोक बुजवलं त्यानंतर दोनच दिवसांनी त्या कुणीतरी नवी युक्ती काढली होती. आता दोन टिंबं नव्हती, चार होती, आणि रेघाही दोन: ....// माझी ती ओळ काय करत होती? मधलं ../ शोधून पुसत होती. आणि मधलं पुसलं की दोन्ही बाजूंचं उरलेलं एकमेकांना चिकटून पुन्हा ../ तयार होत होतं. मी पुसत होतो म्हणूनच ते तयार होत होतं. पुसल्यावर पुन्हा बघायला हवं होतं, ते मी बघितलं नव्हतं. कुलूप परत परत ओढून बघणारा मी, इथं एकदाच ओढून निघून गेलो होतो. फिटच्या मुलाची चौकशी, माझी खोटी चौकशी, वसमतची चौकशी, सगळ्या त्याच वाटेनं गेल्या होत्या. प्रत्येक ओळीत तारीख होती, वेळ होती. ताईंचं नाव कुठंच नव्हतं.

तो माणूस कोण, हे मला आजही नक्की माहीत नाही. वेबसाइटमुळं ज्याची मध्यस्थी बुडाली अशा एकावर माझा संशय आहे. पण मी नाव घेत नाही. एकदा घेतलं तेवढं पुरे.

त्या दिवशी प्रोग्राम पुन्हा लिहायला घेतला. आधी चौकशीचा कप्पा सर्व्हरवरून समूळ काढला. जे लोकांनी बघायचंच नाही ते लोकांच्या दारात ठेवायचंच कशाला? मग फाईलचं नाव बाहेरून घेणंच बंद केलं. बाहेरून फक्त आकडा यायचा. कोणत्या आकड्याला कोणती फाईल, ती यादी प्रोग्रामच्या आत. यादीत नसेल तर 'सापडलं नाही', विषय संपला. फोटोंच्या बाबतीत नाव घेणं भाग होतं, तिथं वाईट अक्षरं पुसत बसलो नाही. टिंबाला टोपणनावंही असतात, टक्केवारीच्या खुणेनं लिहिलेली, ती किती पुसणार? त्याऐवजी सर्व्हरलाच विचारायचं, हे नाव सगळं सोडवून शेवटी नेमकं कोणत्या जागी जातं? ती जागा फोटोंच्या कप्प्याच्या आत असेल तरच उघडायचं, नाहीतर नकार. आणि सर्व्हरवर प्रोग्राम ज्या खात्याच्या नावानं चालतो त्या खात्याला गरजेबाहेरच्या कप्प्यांत वाचायची परवानगीच ठेवली नाही, म्हणजे माझी अक्कल पुन्हा कमी पडली तरी हात पोचू नये. पहिल्या दिवशी हे केलं असतं तर एक दिवस लागला असता. उशिरा केलं तेव्हाही एकच दिवस लागला.

गुरुजींना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, याचा मला जास्त त्रास झाला. म्हणाले, "माझ्या कानात सांगून काय उपेग? जिथं बोट दाखवलं तिथं जाऊन सांग." मग म्हणाले की कनेरगाव नाक्याच्या लोकांनी तारीख थांबवली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं नाक्याला गेलो. मुलाच्या वडिलांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मी लॉगचे कागद मांडीवर उघडून टिंबांपासून सुरुवात केली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "हे तुमाला सांगायला कोणी धाडलं? बाईनं?" मी म्हणालो, कोणी नाही, चूक माझी आहे. ते म्हणाले, "तसं कोण येतं हो आजकाल, सोताची चूक सांगायला?" आणि मग, जरा हळू, घरातल्यांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं, "राग मानू नका. तुमची बी चौकशी आमी ऐकून हाव. इथल्याच ढाब्यावर बसता म्हणं." मी म्हणालो ते खोटं आहे, मीच लिहिलं होतं. माझ्या स्वतःच्याच कानाला ते किती पोकळ वाटलं. "तुमीच लिवलं," ते म्हणाले आणि चहा मागवला. चहा होईपर्यंत आम्ही पावसापाण्याचं बोललो. आठ दिवसांत ताईंच्या मुलीला त्यांचा नकार आला.

ताईंकडं गेलो तेव्हा त्यांच्या भावानं मला दारातच उभं केलं. ताई बाहेर आल्या. मी सांगत गेलो, त्या ऐकत गेल्या. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तोंडी नको. लिवून द्या. सरळ लिवा, टिंब-बिंब नको, आमच्या लोकाला कळत न्हाई ते. ताईनं सांगितलं न्हाई, माझ्या कामात खोट व्हती, एवढं लिवा. खाली सही करा." मी तिथंच ओट्यावर बसून लिहिलं. त्यांनी दोनदा वाचलं. एक शब्द बदलायला लावला: मी 'गैरसमज' लिहिलं होतं, त्यांनी 'आळ' लिहायला लावलं. पुढच्या रविवारी विहारात, त्याच माणसांसमोर, मी तो कागद उभा राहून वाचला आणि गुरुजींनी तो फळ्यावर लावला. गुरुजी किल्ली घेऊन ताईंकडं दोनदा गेले. त्यांनी ती घेतली नाही. मुलीचा बायोडाटा तेवढा मंडळातून काढून मागितला.

पुढं मी त्याच धंद्यात राहिलो. दुसऱ्यांनी केलेल्या वेबसाइट तपासायची कामं मिळाली. कुठलंही काम हातात आलं की मी आधी ती चार टिंबं टाकून बघतो, आणि चारपैकी एका ठिकाणी तरी कुणीतरी नुसतं पुसून निवांत झोपलेलं सापडतं. त्याच्यावर ओरडावंसं वाटतं. ओरडत नाही. एवढंच विचारतो, यापायी कुणा माणसाला धरलं तर नाही ना तुम्ही? लोकांना हा प्रश्न विचित्र वाटतो.

दोन वर्षांनी ताईंच्या मुलीचं लग्न ठरलं. गुरुजींच्या मंडळातून नाही, नात्यातून. पत्रिका आमच्या घरी आली. आमच्याकडं पाकिटावर नावापुढं 'सहपरिवार' लिहायची पद्धत आहे. घरात एकच माणूस असलं तरी लिहितात. पाकिटावर ताईंच्या अक्षरात नुसतं आईचं नाव होतं. आईनं ते बघितलं, मीही बघितलं. आईनं पत्रिका भिंतीतल्या देवळीत ठेवली, आणि लग्नाच्या दिवशी ठेवणीतली पांढरी साडी नेसून एकटी गेली.